दुसऱ्यांदा बोलावणं येतं कसं: चव्वेचाळिसाव्या वर्षी नागपुरात मॉडेलिंग

गेल्या दिवाळीत एका साडीच्या दुकानाच्या पत्रकावर माझा फोटो छापून आला. तेव्हापासून ओळखीच्या बायका एकच विचारतात, "तुमाले काम भेटलं कसं?" याचं उत्तर अगदीच फुसकं आहे. भाचीची मैत्रीण मेकअप करते. तिला चाळिशी ओलांडलेली, केसांत रुपेरी दिसायला लागलेली, साडीत सहज वावरणारी बाई हवी होती. मी शाळेच्या ऑफिसातली क्लार्कची नोकरी सुटून घरी बसले होते. ओळखीने काम मिळालं, संपलं.

लिहायचं आहे ते त्यानंतरचं. नागपुरात हे काम देणारी मंडळी थोडी. इतवारी-गांधीबागेतले साड्यांचे व्यापारी, सराफ, धरमपेठेतली बुटिकं, ब्रायडल मेकअपचे क्लास, फॅशन डिझाइन शिकवणाऱ्या कॉलेजांचे शो. फोटोग्राफर, मेकअपवाल्या, साडी नेसवणाऱ्या, कपडे स्टीम करणारे दादा, सगळे एकमेकांना ओळखतात. एका शूटवर तुम्ही कशा वागलात ते पुढच्या शूटवर चहासोबत निघतंच. चेहरा ज्यांना आवडायचा त्यांना पहिल्याच दिवशी आवडलेला असतो. पुन्हा बोलवायचं की नाही, हे बाकीच्या गोष्टींवरून ठरतं, आणि त्या गोष्टी मला कोणी आधी लिहून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षीचा जून : फोटो आणि मापं

सुरुवातीला मागतात ते 'डिजिटल्स', म्हणजे मेकअपशिवायचे साधे फोटो. केस मागे बांधून, अंगासरशी बसणारा साधा टॉप आणि जीन्स. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, पूर्ण उंचीचा. एक हसून, एक न हसता. भाचीने खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढले. खर्च शून्य. फिल्टर अजिबात नको. समोरच्याला डोळ्यांखालची वर्तुळं बघायचीच असतात, कारण त्यावरून मेकअपला वेळ किती लागेल ते कळतं.

याच काळात एका एजन्सीचा फोन आला. 'रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओ' मिळून पंचवीस हजार. मी नम्रपणे नाही म्हटलं. एजन्सीने पैसे कमवायचे ते तुम्हाला मिळवून दिलेल्या कामातून कमिशन कापून. आधी तुमच्याकडूनच मागत असेल, तर तिचा धंदा फोटो विकण्याचा आहे.

मापं शिंप्याकडून घेऊन इंचात लिहून ठेवली: उंची, छाती, कंबर, नितंब, खांदा, दंडाचा घेर, शिवाय चपलेचा नंबर. कंबर खरी लिहायची. शूटसाठी आणलेले ब्लाउज नमुन्याचे असतात. सैल झाला तर मागून चिमटे लावून तो बसवता येतो, पण घट्ट झाला तर कोणाच्याच हातात काही उरत नाही आणि पूर्ण युनिट थांबतं. नंतर वजन वाढलं-घटलं, तर नवी मापं आपणहून कळवायची.

जुलै : लूक टेस्ट आणि कच्च्या तारखा

धरमपेठेत लूक टेस्टला गेले तेव्हा पाऊस धो धो. बाहेरच्या बाकावर आम्ही सहा-सात जणी. त्यातली एक मोठ्या आवाजात आधीच्या फोटोग्राफरबद्दल सांगत होती: किती चेंगट, जेवण कसं वाईट. आत बसलेल्यांना सगळं ऐकू जात होतं. दोन तास थांबले, आतलं काम पाच मिनिटांचं. दोन फोटो, थोडं चालून दाखवा, ठीक आहे, कळवतो.

यानंतरची वाट बघणं मला सगळ्यात जड गेलं. शाळेत अर्जावर आवक क्रमांक पडला की निदान कुठल्या टेबलावर आहे ते तरी कळायचं. इथे आठवडा गेला, दहा दिवस गेले, काही नाही. यांनी सुचवलं, "फोन करून विचार नं." मी भाचीच्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, काम मिळालं तर ते सांगतीलच. नाही मिळालं तर कोणी सांगत नसते." हे मी मनाला लावून घेणं तेव्हापासून बंद केलं.

मग फोन आला, तारीख 'होल्ड'वर ठेवा म्हणून. होल्ड म्हणजे कच्चं, कन्फर्म म्हणजे पक्कं. होल्ड असताना त्याच तारखेला दुसरं काम आलं, तर ते परस्पर घ्यायचं नाही. ज्यांनी आधी तारीख अडवली त्यांना फोन करून सांगायचं, मला दुसरीकडून पक्कं विचारत आहेत, तुमचं काय? ते पक्कं करतील किंवा सोडतील. मी शाळेतल्यासारखं एक रजिस्टर घातलं आहे, कच्चं पेन्सिलने आणि पक्कं निळ्या शाईने. हसतात घरचे. पण "मला वाटलं तुम्ही शनिवार म्हटला होता" हे वाक्य माझ्या तोंडून अजून गेलेलं नाही.

ऑगस्ट : मारबत आणि फिटिंग

दिवाळीच्या साड्यांचं शूट ऑगस्टमध्येच होतं, कारण गणपती उठले की पत्रकं, होर्डिंग, मोबाइलवरच्या जाहिराती सगळं लागतं. शूटचे कपडे ठरवणारी स्टायलिस्ट मुंबईची होती. तिचा मेसेज आला: फिटिंग इतवारीतल्या दुकानात, सकाळी अकरा वाजता. तारीख बघितली तर पोळ्याचा दुसरा दिवस.

नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, मागे बडगे नावाचे आणखी पुतळे, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, आणि महाल-इतवारीचे रस्ते माणसांनी गच्च भरतात. तिथे गाडी शिरत नाही, रिक्षा शिरत नाही, अकरा वाजता तर चालतही पोहोचणं कठीण. मी लगेच फोन केला. तक्रारीचा सूर न लावता इतकंच सांगितलं, की त्या दिवशी अशी मिरवणूक असते, तुमचं सामानही अडकेल. आदल्या संध्याकाळी जमेल का? नाहीतर पहाटे सातला? तिने दुकानाला विचारलं आणि फिटिंग आदल्या संध्याकाळी ठेवली. पोळ्याची पुरणपोळी उरकून गेले.

पुढे कितीतरी दिवसांनी तिने दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्याचं कानावर आलं, "त्या ताई अडचण सांगतात तेव्हा दोन पर्याय घेऊन येतात." मला वाटतं, माझं नाव टिकलं ते या एका फोनमुळे. साड्यांतले फोटो चांगले होते, पण चांगले फोटो त्या दिवशी आणखी दोघींचेही होते.

शूटचा दिवस

कॉल टाइम, म्हणजे हजर व्हायची वेळ, सकाळी सात. सुभाषनगरहून मेट्रोने निघून अग्रसेन चौकात उतरायचं, पुढे ई-रिक्षा, हे आदल्या रविवारी एकदा जाऊन पाहून ठेवलं होतं. त्या दिवशी मात्र इतक्या लवकरच्या गाडीवर विसंबले नाही. यांनी स्कूटरवर सोडलं. पावणेसातला दारात. त्याहून आधी पोहोचले असते तर बाहेरच थांबले असते, कारण आत लाइट लावणाऱ्यांच्या पायांत येण्यात काही अर्थ नसतो. उशीर होणारच असेल, तर सातला पाच कमी असताना कळवून उपयोग नाही. कळल्या क्षणी, किती मिनिटांचा ते सांगून फोन करायचा.

जाताना केस आदल्या रात्री धुतलेले, तेल नाही. चेहरा कोरा. भुवया, वॅक्सिंग दोन दिवस आधी, म्हणजे लाली उतरलेली असते. नखांवर रंग नाही. मनगटावर घड्याळ नाही, केसांचं रबरही नाही, त्याचे वळ तासभर जात नाहीत. पिशवीत त्वचेच्या रंगाचे शिवण न दिसणारे अंतर्कपडे, बिनपट्ट्यांची ब्रा, साडीचा शेपर, काळ्या आणि फिक्या तपकिरी सँडल, सेफ्टी पिना, ओले-कोरडे टिश्यू, स्ट्रॉ, राजगिऱ्याच्या वड्या, एक जुना ओढणीचा तुकडा आणि पुढून बटणं असलेला सैल शर्ट. हा सगळा संसार जमवायला मला साधारण साडेतीन हजार लागले, त्यातले निम्मे सँडलचेच.

शर्ट पुढून बटणांचा, कारण मेकअप झाल्यावर डोक्यावरून काही काढायचं नसतं. ब्लाउज किंवा कुर्ता डोक्यावरून घालावाच लागला, तर आधी ओढणीचा तुकडा चेहऱ्यावर टाकायचा. लिपस्टिक कपड्याला लागली की तो कपडा विकता येत नाही. नवख्या बाईला हे चटकन उमगत नाही: अंगावरची साडी उद्या कोणीतरी पैसे मोजून नेणार आहे. म्हणून साडी नेसल्यावर बसायचं नाही. खायचं नाही. पाणी स्ट्रॉने. डिओडरंटचे पांढरे डाग काखेत नकोत. सँडलच्या तळव्याला टेप लावलेली असेल तर त्या घालून बाहेर फिरायचं नाही, त्याही दुकानात परत जातात. रेशमी पदराला पिन लावायची ती नेसवणाऱ्या ताईंनी, आपण मध्येच उपटायची नाही. त्या दिवशी करवतीच्या साड्या होत्या, आपल्या विदर्भातल्या, टसरच्या आणि काठाला करवतीचे दाते असलेल्या. टसरला पडलेलं पिनेचं भोक बुजत नाही हे ताईंनीच दाखवलं.

दिवसभरात पंचवीसच्या वर साड्या. प्रत्येकीचे समोरून, पाठमोरे, पदर पसरून, काठ दिसेल असे फोटो. कॅटलॉगचं काम म्हणजे भारी पोझ देणं असं मला वाटत होतं, पण तिथे मागतात ते सातत्य. पाय जमिनीवरच्या टेपच्या खुणेवर, आणि शटर वाजला की थोडासाच बदल: हनुवटी जराशी, खांदा जरासा, हात निरीवरून कमरेवर. मोठी हालचाल केली की निऱ्या बिघडतात आणि ताईंना पुन्हा वाकावं लागतं. दुपारपर्यंत त्यांची कंबर धरली होती. तेव्हापासून मी निऱ्या सांभाळते ते त्यांच्या कमरेसाठी.

मॉनिटरजवळ जाऊन आपले फोटो बघायचा मोह फार होतो. कोणी बोलावलं तर जावं. तिथे उभं राहून "माझी हनुवटी किती दोन दिसते बाप्पा" म्हणायचं नाही. दुकानाचे मालक मागेच असतात, त्यांनाही मग तेवढीच हनुवटी दिसायला लागते. मोबाइल पिशवीत. दोन लूकमधल्या वेळात मी स्टीमरवाल्या दादांच्या रॅककडे बघून पुढचं ब्लाउज कोणतं ते विचारून ठेवायचे, म्हणजे बदलायला वेळ कमी लागायचा. साडेसातला पॅक-अप. अंगावरचं सगळं हँगरला लावून, खोटे दागिने डबीत मोजून दिले, प्रत्येकाला नावाने सांगून निघाले. घरी येऊन पाय कोमट पाण्यात घातले आणि बोलायचंही त्राण नव्हतं.

मिळाले पाच हजार. आमच्याकडे माझ्या वयाच्या नवख्या बाईला पूर्ण दिवसाचे तेव्हा साधारण एवढेच मिळत होते. मुंबईशी तुलना करू नका, झोप उडेल.

सही करण्याआधी

शूटच्या दिवशी एक कागद पुढे येतो, रिलीज फॉर्म. फोटो कुठे, किती काळ, कशासाठी वापरणार ते त्यात असतं. मी क्लार्क, कागद वाचल्याशिवाय सही होत नाही. त्यात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं होतं. मी विचारलं, होर्डिंग धरून आहे का? पुढच्या वर्षीही हेच फोटो वापरणार का? शांतपणे विचारलं, तेही मेकअपला बसण्याआधी. कॅमेरा लागल्यावर विचारलं असतं तर ती अडवणूक ठरली असती. वापर एका वर्षावर आला. पैसे वाढले नाहीत.

फोटो आपण कधी टाकायचे तेही विचारून घ्यावं. दुकानाने टाकल्याशिवाय आपण टाकायचे नाहीत, चेंजिंग रूममधला आरशातला फोटोही नाही, कारण त्यात नवी साडी दिसते. माझ्या वहिनींनी होर्डिंग लागेपर्यंत अठरा वेळा फोटो मागितला असेल. दिला नाही. त्या अजून थोड्या रुसलेल्या आहेत.

नाही म्हणणं

दुसऱ्या एका शूटवर फोटोग्राफर पदर नीट करायच्या निमित्ताने सारखा हात लावायला लागला. मी म्हटलं, "तुमी सांगा, मी करते, नाहीतर ताईंना बोलवा." आवाज चढवला नाही. पुन्हा झालं तेव्हा सगळ्यांसमोर तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. थांबला. त्याच्याकडून नंतर कधी फोन आला नाही आणि मला तो नकोच आहे. दोन महिन्यांनी त्याच शूटवरच्या मेकअपवालीने दुसरीकडे माझं नाव सुचवलं. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात अशा कामाच्या जागाही येतात. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पाठ उघडी टाकणारे ब्लाउज, अपरात्रीचं काम, यातलं काय चालणार नाही ते मी आता तारीख पक्की करतानाच सांगते.

नोव्हेंबर : दागिने आणि पैसे

दिवाळीनंतर दागिन्यांचं काम आलं, लग्नसराईसाठी 'वधूच्या आई'चा चेहरा हवा होता. सोन्याच्या शूटची शिस्त वेगळीच. दागिना घालताना यादीवर खूण, काढताना खूण. दुकानाचा माणूस बाजूला उभा. बाथरूमला जायचं असेल तर सगळं उतरवून, मोजून देऊन जायचं. यात अपमान वाटून घेऊ नये, उलट आपल्याच फायद्याचं आहे. मी तर प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचे, "बांगड्या सहा, घ्या जी." हातांना महिनाभर रोज झोपताना खोबरेल लावलं होतं, कारण निम्मे फोटो नुसत्या हातांचे होते.

काम छान झालं, पैसे अडकले. महिना गेला. "अकाउंटवाले सुट्टीवर आहेत." अजून महिना. इथे शाळेतला अनुभव कामी आला. बिल मी काम झालं त्याच रात्री पाठवलं होतं: बिल क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, पॅन, बँक खातं, आणि सोबत तारीख पक्की केल्याचा त्यांचा मेसेज. दर सोमवारी एक ओळ, एकाच माणसाला, त्याच बिलाच्या खाली. "नमस्कार, बिल क्रमांक अमुकबद्दल आठवण." त्यात टोमणा नाही आणि स्टेटसवर रडगाणंही नाही. मेकअपवालीला मध्ये घातलं नाही, तिचे संबंध तिला जपायचे असतात.

सीएने सांगितल्यावर मधल्या काळात उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, कागद अपलोड करावे लागत नाहीत. पैसे मागणाऱ्या तशाच दिसणाऱ्या साइट बऱ्याच आहेत, सांभाळा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल, तर लेखी करारातही पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. माझी नोंदणी कामानंतरची होती, या बिलाला तिचा उपयोग झाला नाही. नंतरच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापते. पैसे बरेच लवकर येतात असं दिसतं.

जानेवारीत रक्कम जमा झाली, १० टक्के टीडीएस कापून. १ एप्रिल २०२५ पासून एकाच ग्राहकाकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क मिळालं तरच हा कापावा लागतो, आधी ही मर्यादा ३०,००० होती. माझी रक्कम कुठल्या कुठे खाली. पण भांडले नाही. तो आयकर खात्याच्या २६एएस विवरणात माझ्या पॅनवर दिसतो आहे ना, एवढं तपासलं. रिटर्न भरून परत मागता येतो.

केस

फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न. जाऊबाईंचा हट्ट, "काहून असे पांढरे ठेवून राह्यली? निदान लग्नात तरी रंगव." मी आधी स्टायलिस्टला फोन केला. मार्चमध्ये एक होल्ड होता आणि त्यांनी मला घेतलं होतं ते कपाळावरच्या त्या रुपेरी बटेसाठीच. ती म्हणाली, रंगवू नका, प्लीज. मग लग्नात मी पांढऱ्या बटेनिशी मिरवले आणि वरमाईपेक्षा मोठी दिसले असं तीन जणींनी तोंडावर सांगितलं. कापणं, रंगवणं, भुवयांचा आकार बदलणं, उन्हात रापणं, दाताला तार, काहीही असो, पुढच्या कामाआधी कळवायचं. फोटोतली आणि दारात उभी असलेली बाई एकच असावी एवढीच त्यांची अपेक्षा असते. मार्चचं काम झालं, त्यातूनच मे महिन्यातलं मिळालं: महालातल्या जुन्या वाड्यात, उजाडताच सुरू करून नऊच्या आत संपवलेलं, कारण त्यानंतर नागपूरच्या उन्हात मेकअप काय, माणूसही टिकत नाही. घाम टिश्यूने टिपायचा, पुसायचा नाही.

सध्या दिवाळीच्या शूटच्या तारखा पुन्हा निघत आहेत. पहिल्या वर्षीच्याच साडीच्या दुकानाने एक तारीख होल्डवर टाकली आहे. मी दर साडेसहा हजार सांगितला आणि होर्डिंगचे वेगळे. दर वाढवायचा असेल तर तो नव्या कामाच्या सुरुवातीलाच सांगावा, शूटच्या आदल्या रात्री नाही. स्टायलिस्ट म्हणाली, मालकांना विचारून गुरुवारपर्यंत सांगते. तोपर्यंत मी त्यांना काही विचारणार नाही. शुक्रवारी दुपारी एक मेसेज करीन, त्या तारखेला एका बुटिकनेही विचारलं आहे म्हणून.